न बिघडलेल्या ओव्हनच्या चार दुरुस्त्या

न बिघडलेला एक ओव्हन मी चार वेळा दुरुस्त केला. चारही जॉबकार्डांवर माझी सही आहे आणि सहीखाली ऐटीत मारलेली रेघही आहे. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. त्या वयात बाईला दोन गोष्टी वाटत असतात. आपले गुडघे अजून ठीक आहेत आणि आपल्याला आता सगळं कळतं. गुडघ्यांनी पुढच्याच वर्षी खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या गोष्टीसाठी मला ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी वस्तीत कदमकाकांच्या घरी पाच वेळा जावं लागलं, चार वेळा दुरुस्तीला आणि पाचव्यांदा ओव्हन काढायला.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "कामातल्या गमती लिहा मावशी, दिवाळीत लोकांना हसायचं असतं." मी हो म्हटलं. आयुष्यभर मी फोनवर आधी हो म्हणत आले आणि मग बिघाड काय आहे ते ऐकलं. तर गमती आधी सांगून टाकते. मग जे उरेल ते उरेल.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. ज्यांच्याकडे आहे त्यांनाही ती नसते, हे वीसेक वर्षं दौलतगंजच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काढल्यावर खात्रीने सांगते. आताच्या ओव्हनच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. त्याला डोळे नाहीत. आत किती तापलंय ते कळवणारी एक सळई, दार लागलं की नाही ते कळवणारा एक खटका, आणि समोरच्या काचेखाली बोटाचा स्पर्श ओळखणारी बटणं, एवढ्यावर त्याचा संसार. यांपैकी कुणी काही विचित्र कळवलं की तो घाबरतो. तापणं थांबवतो, टीं टीं ओरडतो आणि पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा लिहितो. तो कोड. लोक समजतात कोड म्हणजे रोगाचं नाव. तसं नसतं. कुठे दुखतंय एवढंच तो सांगतो. का दुखतंय ते शोधायला आम्ही.

आमच्या कंपनीच्या ओव्हनमध्ये एफ-सात नावाचा एक कोड होता. त्याचा अर्थ, 'एक बटण कुणीतरी दाबून धरलंय आणि सोडत नाहीये.' माझी सगळी अक्कल आणि सगळी बेअक्कल या एकाच कोडाभोवती फिरली.

नोकरीचं पहिलं वर्ष. पाटणकर वहिनींकडे एफ-सात आला. मी नवी कोरी डिप्लोमावाली. मी ओव्हन उघडला, आतलं सर्किटचं आख्खं कार्ड काढून दुसरं घातलं, दोन तास घाम गाळला आणि वहिनींनी दिलेलं पन्हं कमावल्यासारखं प्यायले. दुसऱ्या दिवशी परत एफ-सात. मग सेंटरचे मालक गुप्ताजी स्वतः आले. त्यांनी खिशातला रुमाल ओला केला, काचेवरून फिरवला आणि माझ्यासमोर धरला. रुमाल लाल.

"मैडम," ते म्हणाले, "ये एफ-सेवन नहीं है. ये नवमी है."

झालं असं की आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. ज्यांच्याकडे आजोबांची तलवार उरली आहे ते तलवार मांडतात. उरली नाही ते सुरी, कात्री, शिलाईमशीन, स्कूटर, आणि ओव्हन आल्यापासून ओव्हनसुद्धा. ओली हळद, ओलं कुंकू, वर अक्षता. आता कुंकू लावायचं तर कपाळ कुठलं? समोरची काच. ओलं कुंकू बटणावर बसलं की ओव्हनला वाटतं बोट आहे. कुणीतरी दाबलंय आणि सोडत नाहीये.

त्या दिवसापासून मी शहाणी झाले. दसरा उलटला की आठवडाभर फोन वाजायचे आणि मी कोड ऐकायच्या आधीच सांगायचे, "वहिनी, कुंकू पुसा. पाच मिनिटं मेन स्विच बंद ठेवा." पलीकडून, "अय्या, तुम्हाला कसं कळलं?" मी खुर्चीत मागे रेलायचे. या मागे रेलण्यानेच पुढे माझा घात केला, पण ते नंतर.

दुसरी गंमत दाना ओली या जुन्या गल्लीतली. एका सद्गृहस्थांचा ओव्हन 'दार उघडं आहे' म्हणत होता. ते म्हणाले, "दार लागलंय हो, मी स्वतः ढकललंय." मी गेले, दार उघडणार तोच घरातल्या तीन बायका आडव्या आल्या. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागे खुडबुड. मग "आता बघा." कोड गेला होता. नंतर कळलं की घरचे लग्नाला गावी गेले होते आणि दागिन्यांची पिशवी ओव्हनमध्ये ठेवून गेले होते, कारण चोर कपाट फोडतो, केक बघायला जात नाही. पिशवीची नाडी दारात अडकली होती. ओव्हनचं म्हणणं बरोबर होतं. दार नाडीएवढं उघडंच होतं.

गमती संपल्या. आता कदमकाका.

कदमकाका शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात स्टॉपवॉच आणि चालीत लेफ्ट-राइट. त्यांची बायको, जिला सगळी छावनी माई म्हणायची, नानखटाईसाठी प्रसिद्ध. ओव्हन मुलीने दिलेला. मुलगी स्वाती बंगळुरूला. ओव्हन नवा, इंटरनेटवाला, म्हणजे त्याला काही झालं की कोड इथल्या पडद्यावर येतो आणि त्याच क्षणी स्वातीच्या मोबाइलवरही जातो. आईबाप एकटे असतात तेव्हा मुलं अशा गोष्टी विकत घेतात. आपण जवळ नाही याचं त्यांना तेवढंच औषध सापडतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला फोन आला.

"बाई, एफ-सात लिहून आलंय."

"काका, कुंकू पुसा."

"पुसलं. मीच पुसलं. तरी आलं."

मी गेले. ओट्यावर ओव्हनशेजारी आजोबांची तलवार अजून तशीच मांडलेली, वाळलेल्या झेंडूसकट. कुंकू काचेच्या कडेत थोडं शिरलं होतं. मी ते कापसाने काढत होते आणि माई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"तू मिस्त्री? बरं झालं. बाप्ये मिस्त्री ओट्यावर चपला ठेवतात."

"ठेवतात खऱ्या."

"माहेर कुठलं गं तुझं?"

"दाना ओली."

"मग बेकरीची भट्टी ठाऊक असेल!"

आणि त्या खुलल्या. दिवाळीच्या आधी बायका घरून तूप, साखर, मैदा मळून न्यायच्या, ताटांवर खडूने नावं घालायच्या आणि चार वाजता बेकरीवाल्याच्या पावांचं काम आटपलं की त्याच्या भट्टीत आपली ताटं लावायच्या. भट्टी किती तापली हे कळायला कुठला काटा नव्हता. माई हात भट्टीच्या तोंडाशी धरायच्या आणि मोजायच्या. पाचाच्या आत हात ओढावा लागला तर थांबायचं. वीस झाले तरी हात निवांत असेल तर लाकूड घालायचं. बरोबर दहाला ओढावासा वाटला की नानखटाई लावायची. "सगळ्या बायका मलाच पुढे करायच्या," माई म्हणाल्या. "माझं दहा कधी चुकलं नाही."

आमच्या कामात एक गुपित असतं. दोन बटणं एकदम धरून ठेवली की ओव्हनचा आतला कप्पा उघडतो, सर्व्हिस मेनू म्हणतात त्याला. गिऱ्हाइकाला तो माहीत नसतो. तिथे ओव्हनची रोजनिशी असते. कोणता कोड कधी आला, बटण किती वेळ दाबलेलं राहिलं, सगळं. मी ती काढली.

"किती सेकंद?" काकांनी विचारलं.

"चौतीस. वीसच्या पुढे गेलं की कोड येतो."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पीटी मास्तर, त्यांना सेकंद आवडणारच.

दोन दिवसांनी परत फोन. परत चार वाजता. मी समोरचं पॅनलच बदललं. रोजनिशीत पन्नास सेकंद होते. माई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तू मिस्त्री? बरं झालं. बाप्ये मिस्त्री ओट्यावर चपला ठेवतात. माहेर कुठलं गं तुझं?" मी हसून म्हटलं, "दाना ओली." "मग बेकरीची भट्टी ठाऊक असेल!" मला वाटलं काय गमतीदार म्हातारी आहे, आपलाच विनोद आपल्याला किती आवडतो हिला. मीसुद्धा तीच तीच गोष्ट चारचौघांत चारदा सांगते, त्यामुळे मला वावगं वाटलं नाही.

निघताना काका जिन्यापर्यंत आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "बाई, प्रत्येक कोड स्वातीला जातो. ती म्हणते, एवढं साधं यंत्र आईला झेपत नसेल तर ओव्हन बंद करा, घर बंद करा आणि दोघं इकडे या. तिथे चौदाव्या मजल्यावर स्वयंपाकाला बाई आहे. माईला तिथे चहासुद्धा कुणी करू देणार नाही. चार वाजता ही भट्टी लावते, त्या एका गोष्टीवर तिचा दिवस उभा आहे. धनत्रयोदशीला स्वाती येतेय. त्याच्या आत हे बंद करा."

"करते," मी म्हटलं. बघा, परत आधी हो.

तिसऱ्या वेळी मी लॅपटॉप घेऊन गेले आणि आतलं सॉफ्टवेअर नव्याने भरलं. रोजनिशीत एक मिनिट वीस सेकंद. काकांनी विचारलं, "आज किती?" मी सांगितलं. माईंनी माहेर विचारलं. मी सांगितलं. सेंटरवर गुप्ताजी म्हणाले, "पैनल बदल दिया, सॉफ्टवेयर बदल दिया. मैडम, अब बदलने को बचा क्या?" मी म्हटलं, "वही देखती हूँ." आणि दोघं हसलो. हसू आठवतं ना, तेव्हा आज स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. पण त्या बाईचा कान आता माझ्या हाताशी नाही.

चौथ्या वेळी मी फोन यायची वाट न बघता साडेतीनला जाऊन बसले. म्हटलं, चोराला कामावर असतानाच पकडू. चार वाजले. माईंनी ताट आत लावलं, दार लावलं, आणि तापमान वाढवायच्या बटणावर बोट ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. नजर खिडकीबाहेर. ओठ हलत होते. मी जवळ होते, मला ऐकू येत होतं.

"सहा, सात, आठ, पाच, सहा, सात..."

टीं टीं. एफ-सात. ओव्हनचं ओरडणं चालू, माईंचं मोजणंही चालू, आणि मी दीडेक मिनिट नुसती बघत बसले.

मला ऐकू आलं होतं, हे मी इथे लिहून ठेवते. मी बहिरी नव्हते. मी हसले. म्हटलं, "माई, आता बोट उचला." त्यांनी उचललं आणि माझ्याकडे बघून त्याही हसल्या. मी काकांकडे वळून म्हटलं, "काका, सापडलं! म्हातारी बोटं सावकाश उठतात. मशीनला तेवढा दम नाही."

म्हातारी बोटं म्हणे. अठ्ठावन्न वर्षांची ही तरुणी. वीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते, काचेवर बघायचं. काचेवर कुंकू होतं का, बोट होतं का, किती सेकंद होतं. बोट कुणाचं आहे आणि त्या माणसाला काय होतंय, हे कुठल्याच मेनूत नव्हतं. पहिल्या वर्षी पाटणकर वहिनींच्या घरी मी मशीनला दोष दिला आणि चूक बाहेर होती. तेव्हा मला वाटलं मी धडा शिकले. काय शिकले? तर पुसायला शिकले.

मी सर्व्हिस मेनू उघडला. त्यात एफ-सात बंद करायची सोय होती. ती सोय वापरायची नाही असं पुस्तकात लिहिलेलं होतं, कारण ही राखण लहान मुलांसाठी असते. एखादं मूल काचेला टेकून उभं राहिलं, बटण दाबलं गेलं आणि आच चढत गेली, तर ओव्हनने स्वतः थांबावं म्हणून. मी माझ्याशी म्हटलं, या घरात लहान मूल आहे कुठे? आणि बंद केलं. कोडही बंद, ओरडणंही बंद, थांबणंही बंद. रोजनिशी तेवढी चालू राहते, ती बंद होत नाही.

काकांनी विचारलं, "आज किती सेकंद?"

"दोन मिनिटं चार," मी म्हटलं. "पण आता किती का असेनात."

मग त्यांनी एक विनंती केली. स्वातीसाठी काहीतरी लेखी द्या. मी जॉबकार्डावर लिहिलं, 'पॅनलमध्ये दोष होता. दूर केला. वापरणाऱ्याची चूक नाही.' काकांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, मोबाइलने कार्डाचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे मुलीला पाठवला. मग दारात उभे राहून म्हणाले, "आता भरवसा ठेवू ना?"

"निर्धास्त राहा, काका."

सहीखाली रेघ मारली ती याच कार्डावर सगळ्यात लांब.

आठवडाभर फोन नाही. सेंटरमध्ये ही केस माझी सगळ्यांना सांगून झाली. पुस्तकात नसलेला उपाय, अनुभवाने सुचलेला, वगैरे.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी फोन आला. काकांचा नाही. मुलीचा.

"आपने, म्हणजे तुम्हीच आलात ना आमच्याकडे? कुमुद मॅडम?" तिचं मराठी घाईत हिंदीत घसरत होतं. "एरर बंद केला होता का तुम्ही? सिर्फ हां या ना बोलिए."

"हो," मी म्हटलं.

मग रडत नाही अशा आवाजात तिने सांगितलं. चार वाजता काका दौलतगंजला तूप आणि पणत्या आणायला गेले होते. एरवी त्या वेळी ते माईंच्या शेजारी उभे असायचे, रोज. त्या दिवशी गेले, कारण मशीन आता दुरुस्त होती. माईंनी ताट लावलं, बटणावर बोट ठेवलं. आच शेवटपर्यंत चढली. ओव्हन काही बोलला नाही. मीच त्याला गप्प बसायला शिकवलं होतं. नानखटाई जळली, धूर झाला, माईंनी दार उघडलं आणि ताट दोन्ही हातांनी बाहेर ओढलं. कापड नाही, काही नाही. शेजारणीने ओरडणं ऐकलं आणि माईंना इस्पितळात नेलं.

"मुझे लगा," स्वाती म्हणाली, "आठ दिवस कोड आला नाही म्हणजे आई बरी आहे."

मी फोन ठेवला तेव्हा गुप्ताजी समोरच होते. त्यांनी काय झालं विचारलं. मी सांगितलं.

इस्पितळात मी गेले नाही. धीर झाला नाही, हे खरं कारण. बाकीची कारणं मी तेव्हा लोकांना सांगितली, ती इथे सांगत नाही.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाच्या आधी काकांचा फोन आला. "बाई, आम्ही निघालोय. ओव्हन काढून द्या. वीज, इंटरनेट, सगळं सोडवा. तुम्हीच या."

घरात खोकी बांधलेली होती. स्वातीने दार उघडलं, मला ओळखलं, आणि बाजूला झाली. ओट्यावर तलवार नव्हती, ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांच्या मागे उभी केली होती. माई खिडकीपाशी खुर्चीत. दोन्ही हात पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले, कुणी दुसऱ्याने तिथे ठेवून दिल्यासारखे.

मी ओट्याशी गेले. माझी चाहूल लागून त्या वळल्या.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"दाना ओली."

"मग बेकरीची भट्टी ठाऊक असेल."

मी थांबले. पुढची गोष्ट मला पाठ होती, पाच, वीस, दहा. त्या पुढे बोलल्या नाहीत. त्यांनी पट्ट्यांतल्या हातांकडे बघितलं आणि मला हळूच, चोरून सांगितल्यासारखं म्हणाल्या, "दहा होतच नाहीत गं आता."

तेव्हा कळलं. बटणावर बोट ठेवून त्या दहा मोजत होत्या. भट्टीच्या तोंडाशी धरलेला हात आता काचेवर होता, एवढाच फरक. आठाला पोचायच्या आणि पाचावर घसरायच्या. दहा झाल्याशिवाय हात काढायचा नाही हे मात्र पक्कं लक्षात होतं. चौतीस सेकंद, पन्नास, एक मिनिट वीस, दोन मिनिटं चार. मी जे आकडे काकांना खेळाच्या स्कोअरसारखे वाचून दाखवत होते, ते डॉक्टरने वाचायचे होते. ओव्हनने चार वेळा खरं सांगितलं होतं. कुणीतरी बटण दाबून धरलंय आणि सोडत नाहीये. त्याला डोळे नव्हते. मला होते.

माझी नात हा मजकूर वाचून म्हणाली, "आजी, ये तो फनी नहीं है. काटून टाक ना शेवटचं." मी म्हटलं, शेवटचं काटलं तर कुंकवाचंच उरेल. ती माझ्याकडे बघत राहिली. हल्ली ती अशी बघते. परवा आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी उभी होते तर म्हणाली, "आजी, बटन छोड़ो ना, लिफ्ट कधीची आलीये." मी बोट उचललं. दार उघडंच होतं. मी हसले, तीही हसली. आत गेल्यावर मी मनातल्या मनात दहा मोजले. नीट झाले. रोज मोजते. अजून होतात.

तर ओव्हन. वायर सोडवायच्या आधी मी सर्व्हिस मेनू उघडला. उघडायची गरज नव्हती. शेवटची ओळ होती, सहा मिनिटं बारा सेकंद. काका माझ्या मागे येऊन उभे होते.

"किती सेकंद?"

मी सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. खिशात स्टॉपवॉच होतं की नाही ते मी पाहिलं नाही. मी स्विच बंद केला, प्लग काढला, ओव्हन ओट्यावरून उतरवला. त्याच्याखाली थोडं कुंकू राहिलं होतं, ते पुसायला गेले तर काका म्हणाले, राहू द्या.

जॉबकार्ड भरायचं होतं. 'कामाचा तपशील' या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून मी तो कोरा ठेवला आणि काकांपुढे सहीसाठी धरला. त्यांनी सही केली. मग जिन्यापर्यंत आले, नेहमीसारखे. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला, शाळेच्या मैदानावर मुलांना थांबवावं तसा. त्यानंतर ते जे बोलले त्याला आता नऊ वर्षं झाली. ते आभार होते की दोष, हे मी नऊ वर्षांत ठरवू शकलेले नाही. सूर आठवून बघितला, प्रत्येक वेळी वेगळा लागतो. म्हणून शब्द जसेच्या तसे देते.

"बाई, तुम्ही चार वेळा आलात. चारही वेळा मी इथे उभा राहून वाट बघायचो, आज तुम्ही म्हणाल की काका, मशीन चांगली आहे. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत."